गाडी स्टुटगार्टची, इंजिन कुणाचं?

मंडळाच्या गेल्या दिवाळीच्या फराळाला मला निदान सहा जणांनी एकच प्रश्न विचारला : "मग डॉक्टर, कुठलं इंजिन टाकताय?" एरवी मंडळात 'डॉक्टर' म्हणून हाक आली की समोरचा गुडघेदुखी सांगायला लागतो आणि मला नम्रपणे खुलासा करावा लागतो, की मी यंत्रांचा डॉक्टर, आणि आता तर तोही नाही, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या वेळी मात्र पदवीला साजेसा प्रश्न आला होता. गंमत अशी, की विचारणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तरही तयार होतं. एकाचं मत होतं, सरळ बॅटरी आणि मोटर बसवा. दुसरे म्हणाले, अमेरिकन व्ही-८ टाका, आवाजच ऐकत राहावा. तिसऱ्यांनी चिवड्याची वाटी खाली ठेवून गंभीरपणे विचारलं, "विकून का नाही टाकत?" आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना आवर्जून चकली वाढली.

सहा जणांना सहा वेळा तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं, म्हणून हा लेखप्रपंच. इंजिन निवडायला बसलो आणि इतिहासात शिरलो. तो इतिहास स्टुटगार्टमध्ये सुरू होऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाऊन पोचेल, असं मात्र मलाही वाटलं नव्हतं.

आधी अपराधाची कबुली. माझ्याकडे १९७३ सालची फोल्क्सवागेन-पोर्शे ९१४ आहे. दोन माणसांची, बुटकी, छपराचा तुकडा काढून मागच्या डिकीत ठेवता येतो अशी. इंजिन आसनांच्या मागे, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ गाडीच्या पोटात. दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, १०० अश्वशक्तीचं. या गाडीच्या गिअरची मांडणी आपल्या सवयीची नाही. पहिला गिअर डावीकडे खाली, दुसरा मधे वर, तिसरा त्याच्या बरोबर खाली, चौथा उजवीकडे वर आणि पाचवा त्याच्याखाली. शर्यतीत दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असं सारखं करावं लागतं म्हणून ते दोन एका रेषेत ठेवलेले. म्हणजेच तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात उजवीकडे न सरकवता सरळ वर ढकलला, की गाडी दुसऱ्यात!

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी मी ताशी ११० च्या वेगात नेमकं हेच केलं. क्लच सोडला आणि आठवा हिस्सा सेकंदात कळलं. गणित नंतर घरी मांडलं : इंजिनाला मिनिटाला आठ हजारांवर फेरे घ्यावे लागले होते. तबकडीवरची लाल रेघ साडेपाच हजारांच्या जरा पुढे सुरू होते. एक झडप दट्ट्यावर आदळून तुटली, दट्ट्या फुटला आणि मोडक्या कनेक्टिंग रॉडने इंजिनाच्या कवचाला भोक पाडलं. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखे धातूचे कण. दुसऱ्या गिअरचे दात आणि त्याची सिंक्रो रिंग, दोन्ही गेलेले. दोष कुणाचा नाही, माझ्या उजव्या हाताचा. म्हणजे इंजिनही हवं आणि गिअरबॉक्सचंही काहीतरी करायला हवं. दुष्काळात तेरावा महिना!

इंजिन बदलायचं तर पहिला प्रश्न येतो तो 'मूळ' इंजिनाचा. संग्राहक मंडळी चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळतो का हे कुंडली जुळवावी तसं पाहतात. पण या गाडीची कुंडली उघडली आणि पहिल्याच पानावर अडलो. हिचं 'मूळ' इंजिन नक्की कुणाचं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. पोर्शे नावाची पहिली गाडी ८ जून १९४८ रोजी रस्त्यावर चालवायला मान्यता घेऊन बाहेर पडली, ती स्टुटगार्टमध्ये नव्हे, ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड नावाच्या गावात. युद्धाच्या शेवटी कंपनीचं बिऱ्हाड तिथे हललं होतं. स्वतःचं इंजिन बनवायला ना पैसा होता ना यंत्रसामग्री. म्हणून फेरी पोर्शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडिलांनी आखलेल्या फोल्क्सवागेनचं, म्हणजे आपल्या बीटलचं, ११३१ सीसीचं इंजिन घेतलं. मूळची २५ अश्वशक्ती ओढूनताणून ३५ वर नेली आणि ते गाडीच्या मध्यभागी ठेवलं. त्यानंतरच्या ३५६ गाड्यांत ते मागच्या चाकांच्याही मागे गेलं, कारण मधे ठेवलं की सामानाला आणि माणसांना जागा उरत नाही. त्याच वर्षी फोल्क्सवागेनचे प्रमुख हाइन्झ नॉर्डहॉफ यांच्याशी करार झाला. प्रत्येक बीटलमागे पोर्शेला ठराविक मानधन, आणि गाडी बनवायला फोल्क्सवागेनचे सुटे भाग. जगातल्या एका नामांकित स्पोर्ट्स कारचा जन्म असा उसन्या इंजिनावर झाला.

तेच २५ अश्वशक्तीचं इंजिन आणखी एका घरी नांदायला गेलं होतं, आणि ते घर आपल्या ओळखीचं आहे. हाम्बुर्गच्या फिडाल यांच्या कारखान्यात 'टेम्पो' नावाच्या मालवाहू गाड्या तयार होत. १९४९ मध्ये त्यांनी 'मॅटाडोर' नावाची छोटी मालगाडी काढली, तिच्यात बीटलचंच इंजिन होतं. १९५२ मध्ये फोल्क्सवागेनने इंजिनं देणं बंद केलं आणि टेम्पोवाल्यांना दुसऱ्या कंपन्यांची इंजिनं शोधत हिंडावं लागलं. 'टेम्पो' आणि 'मॅटाडोर' हे दोन शब्द वाचून ज्यांना पुणं-कोल्हापूर आठवलं, त्यांनी जरा थांबावं. तिकडे आपण येणारच आहोत.

पोर्शेने हळूहळू स्वतःची इंजिनं घडवली. १९६० च्या दशकात ९११ आली, सहा सिलिंडरची. पण ती महाग होती. म्हणून १९६५ मध्ये तिच्याच अंगात आधीच्या ३५६ चं चार सिलिंडरचं, ९० अश्वशक्तीचं इंजिन घालून ९१२ काढली. १९६९ पर्यंत अशा तीस हजारांच्या आसपास गाड्या खपल्या. म्हणजे परवडणारं इंजिन घालून गाडी जगवायची, हा धडा कंपनीला पाठ होता.

त्यातूनच ९१४ ची कल्पना निघाली. फोल्क्सवागेनला एक खेळकर, तरुणांना आवडेल अशी गाडी हवी होती आणि पोर्शेला स्वस्त गाडी हवी होती. नॉर्डहॉफ आणि फेरी पोर्शे यांची तोंडी बोलणी झाली. पोर्शेने गाडी आखायची. फोल्क्सवागेन तिच्यात आपलं चार सिलिंडरचं इंजिन घालून आपल्या नावाने विकेल, आणि त्याच सांगाड्यात पोर्शे आपलं सहा सिलिंडरचं घालून पोर्शे म्हणून विकेल. कागद वगैरे काही नाही, हातात हात दिला आणि झालं. दोन्ही घरांत सोयरीकही होती. नॉर्डहॉफ यांची मुलगी फेरींच्या बहिणीच्या मुलाला दिलेली. आपल्याकडे असल्या व्यवहाराला 'शब्द दिला' म्हणतात. शब्दाची एकच अडचण असते. ज्याने दिला तो माणूस जिवंत असावा लागतो.

१२ एप्रिल १९६८ रोजी नॉर्डहॉफ गेले. त्यांच्या जागी आलेल्या कुर्ट लोट्झ यांच्या दृष्टीने गाडीचे हक्क फोल्क्सवागेनचे होते, आणि पोर्शेला सांगाडे हवे असतील तर साच्यांच्या खर्चाचा वाटा उचलायला हवा होता. शेवटी तडजोड झाली. दोघांनी मिळून एक विक्री कंपनी काढली आणि गाडीचं नावच 'फोल्क्सवागेन-पोर्शे' पडलं. सांगाडे ओस्नाब्र्युकच्या कारमान कारखान्यात तयार होत. चार सिलिंडरची गाडी तिथेच पुरी होई आणि सहावाल्या गाडीचा सांगाडा स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात पोर्शेकडे जाई. सप्टेंबर १९६९ मध्ये फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

सोबत कुचेष्टाही आली. 'फोल्क्स' आणि 'पोर्शे' यांची आद्याक्षरं जोडून लोक तिला 'फोपो' म्हणत. पूर्व जर्मनीच्या पोलिसांनाही हाच शब्द होता. आणि इंजिन कुठलं, तर फोल्क्सवागेन ४११ या गाडीचं. त्या ४११ च्या नावावर आधीच विनोद होता, की दारं चार आणि यायला उशीर अकरा वर्षांचा! तिचं १६७९ सीसीचं, ८० अश्वशक्तीचं इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो सूर होता.

सहा सिलिंडरची ९१४/६ मात्र खरोखर गुणी होती. ९११ टी चं दोन लिटरचं, ११० अश्वशक्तीचं इंजिन. १९७० मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत तिने एकंदरीत सहावा क्रमांक आणि आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्याच वर्षी न्युर्बुर्गरिंगवर ८६ तासांच्या अखंड शर्यतीत पहिल्या तिन्ही जागा ९१४/६ नीच घेतल्या. पण तडजोडीच्या हिशेबात तिची किंमत खऱ्या ९११ च्या जवळ जाऊन पोचली. एवढ्या पैशात ९११ मिळत असेल तर 'फोपो' कोण घेणार? जेमतेम तीन हजार तीनशेच्या आसपास बनवून १९७२ मध्ये ती थांबवली. याउलट चार सिलिंडरच्या, हिणवल्या गेलेल्या गाड्या १९७६ पर्यंत बनत राहिल्या. दोन्ही मिळून १ लाख १८ हजारांच्या आसपास, त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. १९७३ मध्ये या चार सिलिंडरला वाढवून १९७१ सीसीचं केलं. माझ्या गाडीत होतं ते हेच.

गोष्टीचा शेवट तर फारच गमतीचा. १९७६ साली अमेरिकेत पोर्शेला एका स्वस्त मॉडेलची तातडीने गरज पडली. तेव्हा कंपनीने ९११ च्या सांगाड्यात ९१४ चं दोन लिटरचं फोल्क्सवागेन इंजिन बसवलं आणि ९१२ ई या नावाने दोन हजारांवर गाड्या विकल्या. ज्या इंजिनामुळे ९१४ ला पोर्शे म्हणायला लोक तयार नव्हते, तेच इंजिन ९११ च्या अंगात गेल्यावर पोर्शे झालं!

आता माझ्यासमोरचे पर्याय सांगतो.

पहिला, सर्वांत मोहाचा : ९११ चं सहा सिलिंडर इंजिन. कारखान्यानेच असं केलेलं असल्यामुळे याला परंपरा आहे. पण नुसतं इंजिन उचलून ठेवलं असं होत नाही. माझ्या चार सिलिंडरच्या इंजिनात तेल इंजिनाच्या तळाशीच साठतं. सहावाल्याला तेलाची वेगळी टाकी आणि तिच्याकडे जाणाऱ्या नळ्या लागतात. त्याला धरायचे आधार वेगळ्या जागी आहेत. शक्ती वाढली की ब्रेक वाढवावे लागतात, मग चाकांचे हब बदलावे लागतात. बोट दिलं की मनगट, तसला प्रकार. शिवाय त्या इंजिनांच्या आजच्या किमती! तो आकडा ऐकून आमच्या घरी एवढंच विचारलं गेलं, की एवढ्यात स्वयंपाकघर नवं झालं नसतं का.

दुसरा पर्याय अमेरिकन व्ही-८ चा. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून असले उद्योग झालेले आहेत. पण मोठं इंजिन पाण्याने थंड होणारं. माझ्या गाडीत पाण्याचा थेंब नाही, सगळं हवेवर. पुढे रेडिएटर बसवायचा, त्यासाठी पत्रा कापायचा, संपूर्ण गाडीखालून नळ्या न्यायच्या. तिसरा पर्याय सुबारूच्या इंजिनाचा. तेही आपल्या इंजिनासारखं आडवं पसरलेलं, स्वस्त आणि भरवशाचं. पण तेही पाण्याचं. चौथा बॅटरीचा. आणि पाचवा, कुणालाच न सुचलेला : होतं तेच पुन्हा उभं करायचं.

गिअरबॉक्सचा प्रश्न इंजिनाला चिकटूनच येतो. ९११ मध्ये इंजिन अगदी मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. ९१४ मध्ये हीच जोडी उलटी फिरवून ठेवली, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. पण जोडी फिरवली की चाकंही उलटी फिरणार, म्हणजे मागे जायला पाच गिअर आणि पुढे जायला एक! म्हणून आतलं मोठं दातेरी चाक काढून दुसऱ्या बाजूने बसवलं. एवढ्या साध्या युक्तीने महागडा नवा गिअरबॉक्स वाचला. हा जुना '९०१' जातीचा गिअरबॉक्स हलका आणि गोड आहे, पण त्याच्या सहनशक्तीला मर्यादा आहे. व्ही-८ चा जोर तो फार काळ सोसणार नाही. म्हणून मोठं इंजिन घेतलं की '९१५' जातीचा घ्यावा लागतो. त्याची गिअरची मांडणी आपल्या नेहमीच्या गाडीसारखी, म्हणजे माझ्या हातून झालेली चूक पुन्हा होण्याची भीती कमी. खरं सांगतो, या एका कारणासाठी मी दोन आठवडे डळमळलो होतो.

पण जर्मनीत गाडी फक्त रस्त्यावर चालून भागत नाही, कागदावरही चालावी लागते. वेगळ्या जातीचं इंजिन टाकलं आणि तपासणी करून घेतली नाही, तर गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द ठरते. या तपासणीचं घराणं थेट वाफेच्या बॉयलरपर्यंत जातं. १८६५ मध्ये मानहाइममधल्या एका मद्याच्या भट्टीत बॉयलर फुटला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या कारखानदारांनी एकत्र येऊन बॉयलर तपासणारी संस्था काढली. आपण दर दोन वर्षांनी धास्तावून ज्या 'ट्युफ'च्या दारात उभे राहतो, ती तिचीच वंशावळ.

जुन्या गाड्यांसाठी १९९७ पासून क्रमांकाच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळतं. गाडी निदान तीस वर्षांची हवी, चांगल्या स्थितीत हवी आणि बरीचशी मूळ रूपात हवी. मग तिला वाहनतंत्राचा सांस्कृतिक ठेवा मानतात. कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट, आणि शहरांतल्या प्रदूषण-नियंत्रित भागात जायलाही मुभा. यातला 'मूळ रूप' हा शब्द जर्मन लोकांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखं आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, असा हट्ट नाही. इंजिन त्याच मालिकेतलं असलं तरी चालतं. आणि गाडीच्या पहिल्या दहा वर्षांत लोक जे बदल खरोखर करत असत, ते कागदपत्रांनिशी दाखवता आले तर तेही चालतात. नियमाचा प्रश्न असा आहे : त्या काळात हे घडू शकलं असतं का? माझ्या गाडीच्या बाबतीत सहा सिलिंडर घडू शकलं असतं. कॅलिफोर्नियातल्या व्ही-८ वर परीक्षकाशी वाद घालता आला असता. सुबारूचं ते इंजिन १९८९ मध्ये आलं, म्हणून बाद. बॅटरी टाकली की सामान्यतः 'एच' गेलं.

हे सगळं मी एका रात्री कोल्हापूरला मामाला फोनवर समजावून सांगत होतो. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं असूं दे. गाडी चालवायची हाय का मिरवायची?"

मामाला हा प्रश्न विचारायचा अधिकार आहे. त्याच्याकडे १९६५ सालची महिंद्राची जीप होती, आणि राधानगरी रस्त्यावर ती वडापला चालायची. वडाप म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी : आत बसतील तेवढे, मागे लोंबकळतील तेवढे. मूळचं पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं, ताकदवान पण भलतंच तहानलेलं. वडापच्या भाड्यात पेट्रोल भागेना. १९८७ मध्ये मामाने जीप उद्यमनगरात नेली. तिथल्या मिस्त्रींनी पेट्रोल इंजिन उतरवलं आणि मॅटाडोरचं डिझेल इंजिन चढवलं. नव्या इंजिनाची भोकं आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे बसवायची जाड चकती तिथल्याच लेथवर उतरवली. नकाशा नाही, संगणक नाही. पुठ्ठ्यावर भोकांचे छाप घेतले आणि त्यावरून पोलाद कापलं. मी सात वर्षांचा होतो. तो पुठ्ठा धरायचं काम माझ्याकडे होतं.

मॅटाडोर म्हणजे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. ही कंपनी १९५८ मध्ये त्याच हाम्बुर्गच्या टेम्पोवाल्यांच्या सहकार्याने सुरू झाली, २००५ पासून तिचं नाव फोर्स मोटर्स आहे. तिच्या गाडीवरून आपण महाराष्ट्रात प्रत्येक छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणू लागलो. आणि १९८० च्या दशकात तिच्या मॅटाडोरमध्ये जे डिझेल इंजिन बसू लागलं, ते मर्सिडीजचं. डाइमलर-बेन्झने आखलेलं, ओएम ६१६ नावाचं, २.४ लिटरचं. इथे जर्मनीत ते १९७३ पासून मर्सिडीज २४० डी मध्ये, म्हणजे टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या गाडीत होतं.

फोन ठेवल्यावर हे माझ्या डोक्यात जुळलं. मामाच्या वडापच्या जीपमध्ये स्टुटगार्टचं इंजिन होतं, आणि माझ्या स्टुटगार्टच्या स्पोर्ट्स कारमध्ये वोल्फ्सबुर्गचं. कुणाची गाडी जास्त स्टुटगार्टची म्हणायची?

त्या डिझेल इंजिनाने पुढे काय केलं तेही सांगायला हवं. आमचे वडील प्राथमिक शिक्षक. पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाचा आणि मेसचा खर्च त्यांच्या पगारात बसत नव्हता. चार वर्षं दर महिन्याला मामाची मनीऑर्डर येत असे. पेट्रोल आणि डिझेल यांच्यातला जो फरक होता, तो माझ्या ताटात पडत होता. पुढे मी स्टुटगार्टला येऊन डॉक्टरेट केली. प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर प्राध्यापकांची नावं आहेत. मॅटाडोरचं नाव घालायचं राहून गेलं.

ती जीप आज मामाच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. भारत सरकारने २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मामेभावाने मोठ्या उत्साहाने मला नियम पाठवला. मी वाचला. गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. मामाची जीप तिथेच संपली. जर्मन नियम विचारतो, 'त्या काळी हे घडत होतं का?' आपला नियम विचारतो, 'काही घडलं तर नाही ना?' राजेरजवाड्यांच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. पोट भरणाऱ्या गाडीला ते कसं देता येणार? आपल्याकडच्या कितीतरी जीप आणि अँबॅसडर डिझेल इंजिनं घातल्यामुळेच भंगारात जायच्या वाचल्या. इंजिन बदलणं हाच त्यांचा इतिहास, आणि नियमाच्या लेखी तोच दोष. जुन्या वारशाची काळजी घेणारा नियम आला याचा आनंद आहेच. पण त्यात उद्यमनगरच्या त्या चकतीला जागा असायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

इथे माझा निर्णय झाला. १९४८ मध्ये ग्म्युंडला बीटलचं इंजिन घेतलं, कारण दुसरं परवडत नव्हतं. १९६९ मध्ये ४११ चं घेतलं, कारण गाडी तरुणांना परवडायला हवी होती. १९८७ मध्ये मामाने मॅटाडोरचं घेतलं, कारण पेट्रोल परवडत नव्हतं. या गाड्यांचं मूळपण त्यांच्या क्रमांकात नाही, त्या परवडण्यात आहे. ९१४ मधून फोल्क्सवागेनचं इंजिन काढून ९११ चं घालणं बेकायदा नाही, इतिहासाला सोडूनही नाही. पण तसं केलं असतं तर पन्नास वर्षांपूर्वी तिला हसणाऱ्यांचं म्हणणं मी मान्य केलं असतं, की अशी असायला हवी होती, तशी नव्हती. आणि मामाच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'मिरवायची' असं झालं असतं.

तर मंडळी, इंजिन तेच. फोल्क्सवागेनच्या बसमध्ये १९७५ नंतर हेच दोन लिटरचं इंजिन होतं, दट्ट्याचा व्यास आणि धाव अगदी तीच, फक्त शक्ती कमी. तसं एका बसचं जुनं इंजिन मिळवलं. त्याचं कवच आणि क्रँकशाफ्ट घेतलं, नवे दट्टे आणि सिलिंडर घातले. माझ्या इंजिनाचं एका बाजूचं सिलिंडर हेड शाबूत होतं, दुसऱ्या बाजूचं वापरलेलं शोधावं लागलं, त्यातच चार महिने गेले. बॉशचं इंधन फवारणारं यंत्र जुनंच ठेवलं. त्याच्या पेटीत काही ट्रान्झिस्टर आहेत, पण सॉफ्टवेअरची एक ओळही नाही. आयुष्यभर त्या ओळी लिहिणाऱ्या माणसाला याचं फार समाधान वाटतं. गिअरबॉक्सही ९०१ च, दुसरा गिअर आणि त्याच्या रिंगा नव्या. जास्त मोठं इंजिन नाही, तेव्हा जास्त मजबूत गिअरबॉक्सची गरजही नाही. चूक गिअरबॉक्सची नव्हती, हाताची होती. तेव्हा हात दुरुस्त केला : तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मी आता मनात 'उजवीकडे' म्हणतो आणि मगच ढकलतो.

या मार्चमध्ये परीक्षकांनी गाडी उचलून खालून पाहिली, कागद पाहिले, इंजिन त्याच मालिकेतलं असल्याची खात्री केली आणि 'एच' कायम ठेवलं. संध्याकाळी मामाला गाडीचा आवाज ऐकवला. तो जरा वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "बीटलवानी वाजतंय रं." मी म्हटलं, "व्हय मामा, घराणं तेच हाय."

गणेशोत्सवाला मंडळाच्या सभागृहाबाहेर गाडी उभी असेल. मुलांना आत बसून पाहता येईल. गिअरला मात्र कुणी हात लावू नये, ही नम्र विनंती.